माझ्या हरलेल्या राजाचा मुकुट

मंडळी, संताप आवरत नाही म्हणून लिहितेय.

सोलापुरात आज माझ्या कामांचं प्रदर्शन उघडलं. नाटकांचा कपडेपट, कागदी मुखवटे, सिनेमाची सजावट, सगळं मांडलेलं. मधोमध सत्तरच्या दशकातल्या माझ्या पहिल्या सिनेमातल्या राजाचा मुकुट. गिरणीत सूत गुंडाळायच्या कागदी कोनांपासून केलेला. आणि तो चक्क झगमगत होता!

"मावशी, लई मळकट दिसत होता की! म्हणून सोनेरी रंग मारला," संयोजक हसत म्हणाला. वर शाबासकीची वाट बघत उभा!

अरे, तो राजा लढाई हरून परतलेला होता! चहाचं पाणी आणि काजळी चोळचोळून मीच तो मुकुट मळवला होता.

झगमगते मुकुट बाजारात कुठंही मिळतात. तुम्हीच सांगा, माझा हरलेला राजा मला आता कोण परत देणार?