लाल पट्टीची नळी

ओस्ला मोवॅटचा राग आमच्या बेटावर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तीस वर्षं ती घरोघरी पाइप जोडत फिरते. तिने शिव्या घातल्या नाहीत असं एकही स्वयंपाकघर शेटलंड बेटांच्या या टोकाला सापडायचं नाही. माझ्याकडे तर दोनदा घातल्यात. आणि तिचा सगळ्यात मोठा राग कशावर, तर हातभर लांबीच्या एका नळीवर.

घर गरम ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. एकदा पाणी भरायचं, दीड बार दाब द्यायचा, की तेच पाणी वर्षानुवर्षं बाहेरच्या, पाणी तापवणाऱ्या हीट पंपातून आतल्या रेडिएटरांत फिरत राहतं. भरताना घरच्या नळाची लाइन आणि ही यंत्रणा यांच्यामध्ये एक जाळीची नळी जोडतात, तिच्या दोन्ही टोकांना चाव्या असतात. भरून झालं की नळी काढायची, असा नियम आहे. बाकीचे कारागीर ती तशीच लटकत ठेवून जातात. ओस्ला काढते, उघड्या तोंडांना टोपणं घट्ट बसवते आणि नळी आपल्या पेटीत टाकते.

"आणि दाब उतरला तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर मला फोन कर."

"तू पलीकडच्या बेटावर असलीस तर?"

"तर स्वेटर घाल आणि थांब. दाब उतरला म्हणजे पाणी कुठंतरी चाललंय. ते शोधायचं सोडून वरून ओतत बसणार? भोक पडलेल्या होडीत बसून कौतुकाने पाणी उपसणारी माणसं तुम्ही!"

त्या हिवाळ्यात मी खरंच दोन दिवस स्वेटर घालून बसलो. तिला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

गेल्या सप्टेंबरात दक्षिणेकडची एक कंपनी आली आणि आमच्या वाडीतल्या बारा घरांना हीट पंप बसवून गेली. त्यांच्याकडे माणसं कमी होती म्हणून ओस्ला तीन आठवडे त्यांच्या पगारावर राहिली. एका दिवसात तीन-तीन घरं उरकायची, हे काही तिला पचेना. एका शनिवारी सकाळी बंदरावर सगळ्यांसमक्ष तिने मुकादमाचा उद्धार केला, पेटी उचलली आणि चालू लागली. आम्ही सगळे तिच्यावर खूश होतो.

मग जानेवारीचं वादळ आलं. दोन दिवस वीज नव्हती आणि बाहेर सगळं गोठलेलं. त्या बारा घरांतलेच माझे शेजारी लॉरी आणि मिमी हॅलक्रो, नवरा-बायको, दोघंही ऐंशीच्या पुढचे. मिमी अंधारात जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला लर्विकच्या इस्पितळात नेलं. वीज परत आली, पण लॉरीचं घर काही गरम होईना. बाहेरच्या पंपाच्या आतला भाग गोठून फुटला होता.

इस्पितळवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, घर गरम नसेल तर मिमीला घरी सोडणार नाही, लर्विकच्या वृद्धाश्रमात ठेवू. लॉरी रोज बसने तिला भेटायला जायचा आणि रोज ती एकच विचारायची, "पंप झाला का रे?" आणि तिकडे कंपनीचं पत्र आलं की घरमालकाच्या हलगर्जीने नुकसान झालं असेल तर हमी लागू नाही. ते वाचून माझंच डोकं फिरलं.

पत्रापाठोपाठ डॉकेरी नावाचा त्यांचा तपासनीस आला. मी आधीच ओस्लाला बोलावून ठेवलं होतं. म्हटलं, भांडायला हिच्याइतकं कुणी नाही.

ती यायच्या आतच डॉकेरीने यंत्रणेतलं थोडं पाणी काढून आपल्या दुर्बिणीसारख्या उपकरणात पाहिलं. "पाणी गोठू नये म्हणून आम्ही त्यात औषध घातलं होतं. आता ते जवळजवळ शिल्लकच नाही. मिस्टर हॅलक्रो, तुम्ही यात नवीन पाणी सोडत होतात का?"

"रोज!" लॉरी छाती पुढे काढून म्हणाला. "सकाळी चहाच्या आधी. दाबाचा काटा हिरव्यात आणायचा आणि चावी बंद. एक दिवस चुकलो नाही."

मी डोळे मिटले. डॉकेरी लिहू लागला.

तेवढ्यात ओस्ला आली, ती दारातूनच सुरू झाली. तिने पाइपांच्या कपाटाशेजारची लाल टाकी ठोकून पाहिली, तिच्या तोंडाची पिन दाबली. फुस्स झालं नाही. "यात हवाच नाही! पाणी तापून फुगलं की जायला जागा हवी ना? जागा नाही, म्हणून ते रोज मागच्या पाइपातून बाहेर फेकलं जातंय, औषधासकट! ही टाकी बसवताना हवा तपासली होती तुम्ही?"

"टाकीतली हवा कमी होऊ शकते," डॉकेरी शांतपणे म्हणाला. "तेव्हा आम्हाला कळवायचं असतं. यांनी कळवलं नाही. चार महिने पाणी ओतत राहिले. ही घरमालकाची चूक आहे."

"म्हाताऱ्यावर खापर फोडता? लाज नाही वाटत? त्याने ओतलं कारण नळी समोर लटकत होती! कुठल्या गाढवाने ती लावून ठेवली? नळी नसती तर पहिल्याच आठवड्यात त्याला कुणालातरी बोलवावं लागलं असतं! थांबा, दाखवतेच तुम्हाला." तिने टॉर्च काढली आणि कपाटात डोकं घातलं.

आणि टॉर्चचा उजेड नळीवर अडकून राहिला. मी वाकून बघितलं. नळीला मधोमध लाल पट्टी गुंडाळलेली होती. तिच्या पेटीतल्या प्रत्येक वस्तूला तशी पट्टी असते, दुसऱ्यांनी ढापू नये म्हणून.

ती हळूच बाहेर आली. चेहरा लालबुंद झाला होता. "सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी मी इथे पाणी भरून गेले होते. भरल्यावर हवा सुटते, दाब थोडा उतरतो. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा बघायचं, टाकीही तपासायची आणि मग नळी काढायची, असं ठरवलं होतं. आणि शनिवारी सकाळी मी बंदरावर तमाशा केला. परत आलेच नाही."

डॉकेरीला हसू लपवता येईना. "म्हणजे चूक तुमची."

"माझीच. लिहा. टाकी तपासली नाही, नियम मोडून नळी लावून ठेवली. तारीख लिहा, एकोणीस सप्टेंबर. आणि त्या दिवशी मी कुणाच्या पगारावर होते, तेही त्याच ओळीत लिहा. तुमच्या माणसाने चूक केली, साहेब. घरमालकाने नाही. द्या इकडे, सही करते."

डॉकेरीचं पेन थांबलं. मग बराच वेळ तो फोनवर बाहेर उभा होता. पाच आठवड्यांनी नवा पंप आला. ओस्लाच्या परवान्यावर शेरा आला, आणि पुढचं वर्षभर तिचं प्रत्येक काम दुसऱ्या कारागिराने तपासायचं असं ठरलं. तीस वर्षं दुसऱ्यांची कामं तपासत आलेल्या बाईला ते किती झोंबलं असेल, हे मला तिच्या आदळआपटीवरून कळत होतं.

नव्या यंत्रणेत पाणी तिनेच भरलं. आधी टाकीतली हवा दोनदा मोजली. मग औषध मिसळलेलं पाणी सावकाश सोडलं, एकेका रेडिएटरची हवा काढली, दीड बारला काटा आणून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत आली. काटा जरासा उतरला होता, तो वर घेतला, चाव्या बंद केल्या. दुपारी मिमी येणार होती. लॉरीने खारवलेल्या मटणाचं सूप चुलीवर ठेवलं होतं आणि तो घरभर नुसता फिरत होता.

नळी सोडवून टोपणं बसवता बसवता ओस्लाच्या तोंडाचा पट्टा सुटलाच. "चार महिने, लॉरी! चार महिने चावी फिरवत बसलास! सगळ्या बेटाला माहीत आहे, मी कुणाकडे नळी ठेवत नाही. एकदाही वाटलं नाही, ओस्लाला विचारावं म्हणून?"

"अगं पोरी, म्हणूनच तर," लॉरी म्हणाला. "तू कुणाकडे ठेवत नाहीस आणि आमच्याकडे ठेवलीस. मी मिमीला म्हटलं, बघ, ओस्लाने आपल्यावर भरवसा टाकलाय. मग एक दिवस तरी चुकवेन का मी?"

ओस्लाने पाना उचलला आणि आधीच घट्ट बसलेलं टोपण पुन्हा आवळू लागली.