डब्यावर न लिहिलेलं वाक्य

भवानी पेठेतल्या आमच्या दुकानात सूत रंगवायला लागणारी रसायनं मिळतात. कॉस्टिक सोड्याचे पांढरे पापुद्रे अब्बा साध्या डब्यात भरून देतात. डब्यावर चिठ्ठी नाही, खूण नाही. चिठ्ठीऐवजी एक वाक्य असतं, आणि ते गिऱ्हाइकाने म्हटल्याशिवाय अब्बा डब्यावरचा हात काढत नाहीत. "पानी में कॉस्टिक डालना, कॉस्टिक में पानी नक्को." तीस-तीस वर्षं रंगाई करणारे तेलुगू आजोबासुद्धा वैतागत, हसत ते म्हणतात आणि मगच डबा उचलतात. अब्बांची डावी पापणी अर्धी मिटलेली आहे. तरुणपणी त्यांनी उलटं केलं होतं.

मी बीएस्सी केमिस्ट्री. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणू नये.

रंगाईची कामं कमी झाली आणि पेठेत एकामागून एक कुलपं लागली, तेव्हा मीच हट्टाने माल एका विक्रीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन विकायला काढला. आधी रंग, मग कॉस्टिक. कॉस्टिकच्या फॉर्मवर एक प्रश्न होता : वस्तू धोकादायक आहे का? 'हो' म्हटलं की धोक्याची चिन्हं, प्रथमोपचार, कंपनीचा सुरक्षितता-कागद, सगळं त्या वस्तूच्या पानावर गिऱ्हाइकाला आधीच दिसेल असं टाकावं लागे. गोणीतून सुटा माल भरणाऱ्या आम्हाला तो कागद कोण देणार? पंधरा दिवस हेलपाटे घातले, आणि मग मी 'नाही'वर खूण केली. माल जाऊ लागला. डबे तेच, कोरे. चिठ्ठी लावायची आम्हाला सवयच नव्हती, आणि वाक्य म्हणवून घ्यायला समोर माणूस नव्हतं.

एका सकाळी संकेतस्थळावर एका बाईचा निरोप आला. "डबा मिळाला. पहिल्यांदाच घरी साबण करतेय, सुट्टी आहे म्हणून लेकही मदतीला आहे. दुपारी करायला घेऊ. यावर पाणी किती गरम ओतायचं?"

गरम पाणी वर ओतलं की ते उसळून तोंडावर येतं. माल संकेतस्थळाचाच माणूस घेऊन जातो; विकणाऱ्याला तिथे फक्त गिऱ्हाइकाचं नाव आणि पिनकोड दिसतो, फोन नाही, पत्ता नाही. मी घाईघाईने लिहिलं : ओतू नका, डोळे जातील, लेकीला लांब ठेवा. पाठवलं, तर उत्तर आलं, "आपला मजकूर तपासणीत आहे." धोक्याचे शब्द काढून पुन्हा लिहिलं. तेही तपासणीत. मदतीच्या नंबरवर गाणं वाजत राहिलं.

एकच वाट उरली होती. फॉर्मवरचं 'नाही' बदलून 'हो' करायचं. मग विक्री बंद होते आणि घेतलेल्या सगळ्यांना सूचना जाते, हे नियमात लिहिलेलं होतं. पण खोटी माहिती दिली म्हणून आमचं खातंही बंद होणार, आणि दुकान आता त्या खात्यावरच चाललेलं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि लाज वाटते सांगायला, पण मी थांबले. तपासणी आत्ता संपेल, आत्ता संपेल म्हणत जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, अजानपर्यंत पडद्याकडे बघत बसले.

अजान झाल्यावर अब्बा दुकानातून वर घरात आले. मी सगळं सांगितलं. खात्याचं काय होईल, हे त्यांनी विचारलंच नाही.

"उसने बोली क्या, बेटा?" एवढंच म्हणाले.

"नाही अब्बा."

"फिर डब्बा दी कायकू?"

मी 'हो'वर खूण केली. पान मिटलं. "सर्व ग्राहकांना सूचना पाठवत आहोत" अशी ओळ आली आणि दोन मिनिटांत खातंही मिटलं. त्याबरोबर निरोपांची पेटीही. ही गोष्ट मात्र नियमात मी वाचली नव्हती. सूचना त्या बाईने पाहिली का, पाणी ओतण्याआधी पाहिली का, तिने काही उत्तर दिलं का, काहीच कळायला मार्ग राहिला नाही. संकेतस्थळाला चार पत्रं लिहिली. ग्राहकांची माहिती गोपनीय असते, असं चारही वेळा कळवण्यात आलं.

त्या दुपारच्या बाहेर मला अजून पडता आलेलं नाही. सुट्टीतल्या मुली गल्लीत खेळताना दिसल्या की मी आधी त्यांचे डोळे बघते.

आता डबे मी देते. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी असते, तरी हात काढण्याआधी ते वाक्य म्हणवून घेते. एकदा नाही, दोनदा. रंगारी कुरकुरतात, "एकदा बोललो की!" दुसऱ्यांदा कुणाच्या वाटचं, ते अब्बा विचारत नाहीत.