भाऊजींची उंडी

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या वाडीच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, सूड उगवला आहे. सध्या तो गुडघ्याएवढा असून एका ओळीत उभा आहे. त्याला रोज सकाळी कळशीने पाणी लागतं. पाणी माझे चुलत दीर घालतात. मी ओट्यावर चहा पीत बघते. चहाला इतकी गोडी पूर्वी नव्हती.

घिवलीकडच्या आमच्या किनाऱ्यावर वाड्या टिकतात त्या सुरूच्या बनामुळे. खारा वारा आधी ते अंगावर घेतं. म्हणून वनखात्याशी बोलून गावानेच ते राखायचं ठरवलं. घरटी राखणीची पाळी, वाळकं सरपण वाटून घ्यायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. दंड पैशांचा ठेवला नाही. पैसेवाला तो फेकून मोकळा होतो. ज्याने झाड पाडलं, त्याने तिथेच दुसरं लावायचं आणि ते त्याच्या डोक्यावरून जाईपर्यंत स्वतः पाणी घालायचं. गडीमाणसाने घातलेलं चालत नाही.

भाऊजींनी घरावर दोन खोल्या चढवल्या, बोईसरच्या कारखान्यांतल्या साहेबांना सुट्टीत भाड्याने द्यायला. खिडकीतून समुद्र दिसेना. मग एका दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, त्यांनी खिडकीसमोरचे सुरू आडवे केले. त्या फटीतून वारा थेट माझ्या पानवेलीवर आला. ज्या पानांवर माझं घर चालतं, ती कडेने काळी पडू लागली.

करपलेलं पान घेऊन मी त्यांच्या दारात गेले. भाऊजी झोपाळ्यावरून उठलेदेखील नाहीत.

"वहिनी, तुमी पानं विकता, मी वारा विकतो. धंदा हाय."

हे वाक्य मी घरी आणलं आणि लोणच्यासारखं मुरत ठेवलं.

देवळासमोर सभा भरली. भाऊजी आले ते हात जोडूनच. "चुकलो. झाडं लावतो. पन सुरू नको, उंडी लावतो. आपल्या किनाऱ्याचं झाड, बियांचं तेल निघतं."

माणसं माना डोलवायला लागली. मी मात्र ओळखलं. सुरू भराभर वर जातो, खिडकी झाकली असती. उंडी वाढते गोगलगायीच्या चालीने. तोवर भाऊजींना समुद्रच समुद्र!

मी ताडकन उठले. "भाऊजी बोलतात ते सोळा आणे खरं. उंडीच लावा! पण कोवळ्या रोपांना खारा वारा सोसायचा नाही. ती मोठी होईस्तोवर भाऊजींनी पुढे झावळ्यांचा आडोसा बांधावा. चांगला उंच. खिडकीएवढा."

सभेने टाळ्या वाजवल्या. माझी पानवेल वाचली. भाऊजींचा हसरा चेहरा सुकत घातलेल्या बोंबलासारखा लांबला.

तेवढ्यात राखणीच्या मंडळातली, दांडी गावची मावशी कोयता आणि बांबू घेऊन पुढे आली. आमच्याकडे दंड झालेल्याला बांबूला टेकवून उभं करतात, डोक्याशी खाच मारतात आणि तो बांबू रोपाशेजारी रोवतात. रोप खाचेवर गेलं की माणूस सुटला.

"दादा, या. ताठ उभे राहा."

भाऊजी आमच्या घराण्यातले सगळ्यांत उंच. दारातून वाकल्याशिवाय कधी आत आले नाहीत. त्यांनी बांबूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, उंडीच्या चालीचा हिशेब त्यांच्या डोक्यात आत्ता कुठे शिरला आणि भर सभेत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"मावशी, बसून मोजलं तर नाय चालनार?"