ऊठ, मशीन जळंल

सूड घेऊन पोट भरत नाही म्हणतात. माझं भरलं, तेही भाऊबीजेच्या दिवशी.

नव्वदच्या दशकात सुट्टी लागली की मी काटेवाडीला मामाकडं जायचे. मामेभावाकडं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यात एक निळा वीर होता, तोंडावर मुखवटा, पाठीवर पोळ्याच्या बैलासारखी झूल. आम्ही त्याला झूलवाला म्हणायचो. तो उडायचा, भिंती फोडायचा आणि सगळ्यात शेवटी लोखंडी राक्षसाशी त्याची गाठ पडायची. तो राक्षस माझ्या हातानं मरावा, एवढंच माझं मागणं होतं.

राक्षसापर्यंत मी रोज पोचायचे. त्याला अर्धमेला करेपर्यंत माझा झूलवाला पडायचा. मग पडदा काळा व्हायचा, मधोमध एक इंग्रजी शब्द यायचा आणि खाली आकडे उलटे पळायचे. नऊ, आठ, सात...

"ऊठ, ऊठ! शून्य व्हायच्या आत बाजूला हो, न्हायतर मशीन जळंल!" मामेभाऊ ओरडायचा.

मी चौथीत, तो सातवीत. आमच्या शाळेत एबीसीडी पाचवीला सुरू व्हायची. ॲडॉप्टर खरोखरच तापलेला असायचा, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं. मी रिमोट टाकून उठायचे.

"आजून एकदा बसू दे की रं, दादा."

"न्हाय. आत जा, भाकऱ्या राहिल्यात."

मी परातीशी जाऊन बसते न बसते तोच बाहेरून आरोळी यायची, "मारला!" गल्लीतली पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचायची. मी पिठाच्या हातानं दारात उभी राहून बघायचे.

परवाच्या दिवाळीआधी लेकीनं तोच खेळ इंदापूरच्या आमच्या घरी टीव्हीवर लावून दिला. राक्षसासमोर पडले, आकडे सुरू झाले आणि चाळिशी उलटलेली मी रिमोट टाकून उठले.

"आई, उठतेस काय? स्टार्ट दाब. कंटिन्यू लिहिलंय की! जिथं मेलीस तिथूनच चालू होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे अर्धमेला राक्षस माझा आणि आयत्या बिळावरचा नागोबा हा! मी स्टार्ट दाबलं नाही. टीव्ही बंद केला आणि भाऊबीजेची वाट बघत बसले.

तो आला. मी ओवाळलं, करंज्या वाढल्या आणि म्हणाले, "दादा, एक डाव?" पोट सावरत तो खुशीत बसला. चांगला खेळला, खोटं कशाला बोलू. राक्षसाला टेकीला आणलं आणि पडला. आकडे सुरू झाले. त्याचा अंगठा स्टार्टकडं गेला, तोच मी रिमोट काढून घेतला.

"ऊठ. मशीन जळंल."

त्याचे कान लाल झाले. म्हणजे विसरला नव्हता.

"आगं, ल्हान हुतो तवा..."

"पाच," मी म्हणाले. "चार."

"आजून एकदा बसू दे की गं."

"न्हाय. आत जा, भाकऱ्या राहिल्यात."

तो उठून आत वळला. शून्य व्हायच्या आत मी स्टार्ट दाबलं. लेकीनं त्याच्यापुढं परात सरकवल्याचा आवाज आला. मी स्टार्ट दाबलं. राक्षसाला मी घाईनं मारलं नाही, चवीचवीनं मारलं. मग गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "मारला!"

मामेभाऊ दारात येऊन उभा राहिला, पिठाच्या हातानं.