बुवांच्या आवाजाची पेटी

निर्माल्याचे आणि किश्श्यांचे दुखणे एकच. रोज थोडे थोडे साठत जातात, टाकून द्यायला मन धजत नाही आणि ठेवायला जागा उरत नाही. मोशीच्या आमच्या भजनी मंडळाच्या आठवणी माझ्यापाशी अशाच साठल्या आहेत. त्यांतल्या एका पेटीच्या तेवढ्या आज वाहत्या पाण्यात सोडतो. पेटी म्हणजे सुरांची नव्हे, लाउडस्पीकरची!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती चढत होत्या आणि मी मोशीच्या शाळेत मास्तर होतो. मंडळाचे प्रमुख रखमाजीबुवा. ऐन उमेदीत त्यांचा अभंग शिवारात ऐकू जाई. पण एका आजारपणाने आवाज असा बसला की दुसऱ्या रांगेपलीकडे पोहोचेना. म्हणून मंडळाने पुण्याहून बॅटरीवर चालणारा सेट आणला. एक भोंगा, एक माइक आणि पोटात दिव्याच्या बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह असलेला ॲम्प्लिफायर. बुवा पुन्हा पुढे उभे राहिले.

मात्र व्हॉल्व्ह फुटला की यंत्र मुके, आणि यंत्र मुके की बुवा मुके. गावोगाव न्यायचे ते बैलगाडीतून. ते सांभाळण्याची सेवा माझ्याकडे आली.

*

पहिल्या फेरीला मी खोक्यात कडबा दाबून भरला आणि मध्ये यंत्र निजवले. गाडी होती बाळाभाऊंची. चाकणला चहासाठी थांबलो. परतलो तेव्हा बैल शांतपणे रवंथ करीत होते आणि यंत्र रिकाम्या खोक्यात उघडे पडले होते. पुढच्या धक्क्यांत दोन व्हॉल्व्ह गेले.

मी बाळाभाऊंवर संतापलो. ते म्हणाले, "मास्तर, बैलाला काय ठावं, कडबा खायाचा कुठला आन् अंथरायचा कुठला!"

*

मग बाळाभाऊंच्या कारभारणीने आपली गुलाब रंगवलेली पत्र्याची ट्रंक दिली. लग्नसराईचे दिवस होते. वाटेत एका वऱ्हाडाशेजारी आमची गाडी सोडली होती. सामान चढवण्याच्या गडबडीत आमची ट्रंक गेली नवरीच्या सासरी, आणि आमच्या गाडीत आली तिची भांडी!

धावतपळत तिथे पोहोचलो. ट्रंक उघडून सासूबाई माइककडे बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सून बोलती तेवढं पुरं की वो! वर भोंगा कशापायी धाडला?"

सगळे हसले. बुवा हसले नाहीत. पत्र्यावर आपटून या खेपेस तिसरा व्हॉल्व्ह फुटला होता. घरी येताना ते एवढेच बोलले, "मास्तर, आता आणिक एकदा फुटलं, तर म्या पुढं उभा ऱ्हाणार न्हाई. मागं बसून टाळ वाजवीन."

त्या रात्री माझ्या नामस्मरणात नाम कमी आणि पेटीच अधिक होती.

*

कोणीतरी लष्कराच्या मोडीतली दारूगोळ्याची पेटी आणून दिली. लाकूड असे की कुऱ्हाड परतून यावी! एका गावच्या सप्ताहात ती मंडपात उतरवली. तिच्यावरची पांढरी अक्षरे एका निवृत्त शिपायाने वाचली मात्र, क्षणात मंडप मोकळा!

पोलीसपाटील लांबूनच ओरडले, "आधी उघडा ती!"

बुवा पुढे झाले. "या पाटील. हितून फकस्त हरिनाम उडतं."

पेटी उत्तम होती. पण उचलायला चौघे लागत, आणि चौघांनी उचलून नेलेली वस्तू मंडळातल्या म्हाताऱ्यांना बघवेना.

*

शेवटी चाकणच्या इस्माईलभाईंकडे गेलो. ट्रंका आणि पेट्या करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. ते म्हणाले, "मजबूत पेटी कुनीबी करील, मास्तर. आतली चीज हलू न देनं, ती खरी कारागिरी."

त्यांनी हलक्या लाकडाची पेटी केली, आतून घोंगडीचे दुहेरी अस्तर दिले आणि धूळ जाऊ नये म्हणून फटी राळेने बुजवल्या. आम्ही ती न्यायला गेलो, तर गृहस्थांनी आमच्यासमोर ती ओट्यावरून खाली लोटली! मग झाकण उघडून दाखवले. आत डझनभर अंडी, एकही तडकलेले नाही.

आम्ही सगळे माळकरी! एकाने नाक दाबले, दुसरा गोमूत्र शोधू लागला. इस्माईलभाईंचा चेहरा उतरला. बुवांनी अस्तरावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कोंबडीचा संसार वाचिवला हिनं. आपला न्हाई का वाचिवनार?"

यंत्र, माइक आणि भोंगा तिन्ही आत ठेवून पेटीला कुलूप घातले, आणि किल्ली मी माझ्या तुळशीच्या माळेत ओवली.

*

पेटी इतकी भक्कम की जो तो तिच्यावर बसू लागला! कोणी बसू नये म्हणून मी तिला गंध लावले आणि वर तुळशीपत्र ठेवले. बसणारे थांबले, पण पुढच्याच गावी बायकांनी तिला हळदकुंकू वाहिले, आणि एका भाविकाने तिच्या कोपऱ्यावर नारळ फोडला!

बुवा म्हणाले, "मास्तर, पेटी वाचवाया तिचा देव केलात. आता भक्तांपासून वाचवा तिला!"

*

त्याच साली भाद्रपदात नदीच्या पलीकडच्या काठावर सप्ताह होता. पुलाचा वळसा टाळावा म्हणून बाळाभाऊंनी गाडी उथळ पाण्याच्या उतारातून घातली. मध्यावर चाक खड्ड्यात गेले, गाडी कलंडली आणि पेटी पाण्यात पडली.

बुडाली नाही. राळेने बुजवलेली ती! होडीसारखी तरंगत धारेला लागली आणि निघाली. आम्ही काठाने धावलो, पण काटेरी झुडपांतून पाण्याच्या वेगाने कोण धावणार? बुवा कमरेइतक्या पाण्यात उभेच होते. पुढच्या वळणावर, निदान चार शेते पलीकडे, एक गडी म्हशी धूत होता. त्याची आमच्याकडे पाठ होती.

मागून हाक आली, "धरा!"

गड्याने वळून पाहिले, म्हैस सोडली आणि पेटी धरली.

आम्ही धापा टाकीत पोहोचलो. त्याने पेटी काठावर ओढून ठेवली होती. म्हणाला, "भोंग्यावरनं हाक मारली ते ब्येस केलंत. न्हाईतर गेलीच हुती पेटी."

मी खाली पाहिले. पेटीचे कुलूप जसेच्या तसे होते. हात आपोआप गळ्याकडे गेला. किल्ली माळेतच होती.