विमान उतरेपर्यंत
वेचलेला कापूस घरात आला की त्याच्या उबदार वासानं मला बहिणीचं पहिलं विमान आठवतं. ती मुंबईहून टोरंटोला निघाली होती. घनसावंगीजवळच्या आमच्या घरात कापूस छताला टेकलेला, जमिनीवर नुसता पाचोळा. पण घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आई झाडूला हात लावत नसे. "किती लांब हाय रे?" तिनं विचारलं. "साडेबारा हजार किलोमीटर," मी मोबाईलवर सरकणारं विमान दाखवत म्हणालो. आईनं आधी जमिनीकडं पाहिलं. "माय गं! मंग घर कवा झाडायचं?" शेजारपाजारचे विमान बघायला येत आणि पायांनी पाचोळा घरभर करून जात. "कुठवर आलं?" "समुद्रावर." "आजून समुद्रच?" शेवटी ते इवलंसं विमान टोरंटोला टेकलं. "उतरलं!" मी ओरडलो. सगळे मोबाईलवर तुटून पडले. आई तेवढी झाडूकडं पळाली. आज माझी लेक त्याच वाटेनं निघालीय. सकाळी बायको झाडू घेऊन आली, तेव्हा मोबाईलवरची नजर न काढता मी म्हणालो, "थांब, आजून समुद्रच हाय."