हौदातली प्रदक्षिणा

चौऱ्याहत्तर सालच्या, सिद्धरामाच्या गड्ड्याच्या यात्रेत तंबूवाल्यांनी पत्र्याच्या हौदात जिवंत डॉल्फिन आणला. हौदात मीठ टाकायला सात रस्ता चौकातले मिठाचे व्यापारी मडिवाळप्पा रोज जात. डॉल्फिन दिवसभर गोल फिरायचा. "सिद्धरामाला प्रदक्षिणा घालतंय की," मडिवाळप्पा सांगत, आणि लोक हात जोडत. आपल्या लोकांना तेवढं पुरतं. यात्रा उठायच्या आत तो मेला.

पुढच्या वर्षी मडिवाळप्पा मीठ आणायला शिरोड्याला गेले. तिथं समुद्रात त्यांना डॉल्फिनचा कळप दिसला. फुस्सकन श्वास सोडत सगळे सरळ निघाले होते. एकही गोल फिरला नाही.

तेव्हापासून मडिवाळप्पा सिद्धरामाच्या देवळाच्या दारातूनच नमस्कार करून, प्रदक्षिणा न घालता परततात. बायकोनं, पार्वतम्मानं, कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "फिराय लागलो की मागनं श्वास ऐकू येतोय."